नावं येईपर्यंत दिवे लावू नका

२४ जानेवारी, शनिवार

मापांच्या या वहीची मागची पानं कोरी उरली होती. ब्लाउज शिवणं मी कमी केलं तशी वही अर्धीच राहिली. पुढून उघडली तर म्हैसुरातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांची मापं, मागून उघडली तर माझ्या गोष्टी. कुणी उघडलीच तर पुढूनच उघडेल, म्हणून इथे लिहायला भीती नाही.

दुपारी वनजाचा फोन आला, बेंगळूरहून. माझा थोरला भाऊ अण्णा पुढे त्याच्या शिवणाच्या दुकानात होता, म्हणून मी मोरीत जाऊन बोलले. मोरीची खिडकी दुकानाकडेच आहे, पण मशीनच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार. नऊ वर्षं झाली, भाचीशी मोरीतूनच बोलते.

"आत्या, पिक्चर लागला काल. त्यातले शिपायांचे कोट आम्ही शिवलेत. शेवटी नावं येतात बघ, त्यात माझं आहे. पहिल्यांदाच घातलंय."

"शाब्बास गं बाई."

"अप्पांना दाखवशील? बोलले नाहीत तरी चालेल. नुसतं नाव बघितलं तरी पुरे."

तिचे अप्पा म्हणजे आमचा अण्णा. दाखवते म्हटलं. म्हणायला काय जातं! नऊ वर्षांपूर्वी ती सिनेमाचे कपडे शिवायला जाते म्हणाली, तेव्हा हातातला खडू टाकून अण्णा म्हणाला होता, "जायचं तर जा. पण तिथे माझं नाव लावायचं नाही." वहिनी असती तर समजूत घातली असती, पण ती आधीच गेलेली. दुकान पुढे लेकीच्या हातात द्यायचं त्याच्या मनात होतं, ते तोंडाने कधी बोलला नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस.

आणि तिला बसमध्ये बसवणारी मी. हे त्याला ठाऊक नाही. इथे लिहून ठेवते, कुठेतरी कबूल केलेलं बरं.

२६ जानेवारी, सोमवार

अण्णाला सांगायचं धाडस झालं नाही. जेवून लगेच बाहेर पडला. बेळगोळच्या फॅक्टरीत कामगारांची मापं घ्यायची आहेत म्हणाला. संध्याकाळी सहाला परत आला. माप घ्यायची टेप इथेच मशीनवर राहिली होती. मी म्हटलं, "अरे, आज सुट्टी नव्हे काय? झेंडावंदन." म्हणाला, "हो की. बंद होतं." मग पाच तास काय केलंस, विचारलं तर म्हणे बस मिळाली नाही. शहात्तर वर्षांचा झाला, विसरायला होतं. नात सहनाला सांगून डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

२९ जानेवारी, गुरुवार

आज मीच थेटरात जाऊन आले. म्हटलं आधी आपण बघावं, नाव नक्की येतं ना, कुठे येतं, मग अण्णाकडे विषय काढावा. जिने चढून गुडघ्यांची पार वाट लागली.

पिक्चर मोठा चांगला आहे. नाव लांबलचक आहे, लिहीत नाही. जुन्या म्हैसूरच्या फौजेतला एक तुतारीवाला, त्याची आई शिवणकाम करणारी, लढाईला जाताना तीच त्याला लाल कोट शिवून देते. कोट बघून जीव सुखावला. खांदा कसा बसलाय! पण खरं लिहायचं तर इंटरवलनंतर एसीच्या थंडीत माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा लोक उठत होते. पडद्यावर नावं आताच सुरू झालेली, तेवढ्यात भक्‌कन दिवे लागले, झाडूवाल्या बायका आत शिरल्या आणि पडदा काळा.

दारातल्या माणसाला म्हटलं, "अहो, नावं राहिली की."

"अज्जी, नावं कोण बघतं? पुढच्या शोला लोक उभे आहेत." मग हसून म्हणाला, "सोमवारी एक अज्जा पण भांडून गेले. नावं येईपर्यंत दिवे लावू नका म्हणून. मंगळवारी परत आले, परत भांडले."

म्हणजे माझ्यासारखे म्हातारे वेडे आणखी आहेत गावात.

वनजाला फोन करून खोटं सांगितलं. नाव बघितलं, छान मोठ्या अक्षरात आहे म्हटलं. ती म्हणाली, "मोठं नाही गं आत्या, बारीकच आहे." पकडली गेले.

२ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस गुडघ्यांना तेल चोळण्यात गेले. नात सहना कॉलेजातून आली, तिला सगळं सांगितलं. माझ्या लेकीची ही मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. मराठी तिचं तोडकंमोडकं, पण डोकं चांगलं.

"आज्जी, थेटर कशाला? घरीच रेंटवर भेटते की. टीव्हीवर."

"अगं पण अजून थेटरात चालू आहे."

"असू दे की. तिकडे पण चालू, इकडे पण चालू."

मला हे नवल वाटलं. लग्नाची पंगत मांडवात बसलेली असतानाच डबा घरी यावा, तसंच झालं. आम्ही नवा पिक्चर बघायला उन्हात रांगा लावल्या, साडीचे काठ फाटेपर्यंत रेटारेटी केली. आता पडद्यावरून उतरायच्या आधीच तो माझ्या खोलीत येऊन बसणार. थेटरवाल्याचं काय होत असेल कोण जाणे. पण इथे दिवे माझ्या हातात आणि झाडूही माझ्याच हातात. नाव आलं की थांबवता येतं, असं सहना म्हणाली. मला तेवढंच हवं होतं.

तिने माझ्या नावाचं खातं उघडलं. त्यात आडनाव विचारलं. आडनाव? महाराष्ट्रातून पाहुणे आले की विचारतात, तेव्हा आम्हाला आठवावं लागतं. इथे बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावलं की झालं. त्या अक्षराशिवाय शाळेत नाव चढत नाही आणि रेशन कार्डातही नाही. सहनाने तिथे नुसतं अक्षर घातलं, मशीनने मुकाट्याने घेतलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना विषय काढला. मान वर करायला नको म्हणून ताक वाढायचं निमित्त केलं.

"अण्णा, रविवारी मागे माझ्या खोलीत ये. टीव्हीवर नवा पिक्चर लावतेय."

"कुठला?"

सांगितलं. तो घास चावत राहिला. फार वेळ चावला.

"मला नको. टीव्ही बघून डोळ्यांना पाणी येतं."

"बरं. नको तर नको."

हात धुऊन आला. दारात उभा राहिला. पंच्याला हात पुसत म्हणाला, "घरी पूर्ण लावतात काय गं? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. नावांसकट."

"हं." मग जरा वेळाने, "गुंडेरावाला बोलव. मी एकटा बसणार नाही."

गुंडेराव म्हणजे शेजारचे, रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेले. बोलायला लागले की रेडिओला बटण नाही. पण अण्णा हो म्हणाला, हेच पुष्कळ. वनजाचं नाव त्यात आहे हे मी सांगितलं नाही. आपोआप समोर येऊ दे. आधी सांगितलं तर उठून जाईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सहना काल रात्रीच पिक्चर भाड्याने घेऊन टीव्हीत ठेवून गेली. आज पहाटे मैत्रिणींबरोबर बैलकुप्प्याला गेली, तिबेटी लोकांच्या देवळातल्या सोन्याच्या मूर्ती बघायला. रविवारी रात्री येईल. जाताना चारदा सांगितलं, "आज्जी, महिनाभर राहते. पण एकदा प्ले केलं की अठ्ठेचाळीस तासच. अर्थ झालं काय?" समजलं म्हटलं. चालू करायचं बटण कुठलं, थांबवायचं कुठलं, रिमोटवर हिरवी आणि लाल टिकली लावून गेली.

मग माझ्या ध्यानात आलं की रविवारी अण्णा दुपारची झोप काढून पावणेपाचला उठणार, आणि रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. एवढं नाजूक काम राहुकाळात सुरू करायचं? आमच्या घरात कुणी केलेलं नाही. लग्नाचं कापड राहुकाळात बेतायची वेळ आली तर वडील आधी चांगली वेळ बघून काठाला कात्रीची एक चीर देऊन ठेवायचे. एकदा चीर दिली की काम सुरू झालं, मग बाकीचं केव्हाही कापा.

म्हणून आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, विठोबाला हात जोडले आणि सहा वाजून दहा मिनिटांनी हिरवी टिकली दाबली. तुतारी वाजली. "वनजाचं बरं होऊ दे" म्हटलं आणि लाल टिकली दाबली. दोन तुताऱ्यांएवढाच वेळ. नुसती चीर. कापड तसंच्या तसं आहे.

आता निवांत वाटतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू! पण लिहायला बसलेय तर क्रमाने लिहिते.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आला. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट! गुंडेराव चकलीचा डबा घेऊन आले. पावणेपाचला लावला. व्यवस्थित चालू झाला. अण्णा खुर्ची ओढून टीव्हीच्या इतका जवळ बसला की गुंडेराव म्हणाले, "टेलर, तुझं डोकं पण तिकिटात आहे काय?"

तुतारीवाला कोट घालून घोड्यावर बसला, तोच अण्णा पुटपुटला, "आता डावी बाही उसवेल." आणि खरंच उसवली की!

"तुला कसं ठाऊक रे?" गुंडेराव.

"शिलाई बघून कळतं. पन्नास वर्षं काय गवत कापलं काय मी?"

मला अभिमान वाटला. हाताची कला ती.

सहा वाजता इंटरवलची पाटी आली. घरी असलं म्हणून काय, इंटरवल म्हणजे इंटरवल. थांबवून मी कॉफी केली, भजी तळली. गुंडेरावांनी वर्कशॉपातला संप सांगितला, तो मी अकराव्यांदा ऐकला. साडेसहाला परत हिरवी टिकली दाबली तर टीव्हीवर इंग्रजी पाटी. परत दाबली, तीच पाटी. गुंडेरावांनी चष्मा लावून वाचलं, "भाड्याची मुदत संपली म्हणतंय."

"कशी संपेल? आताच तर बसलोय!"

"आधी कधी लावला होता काय, सोयराबाई?"

मी चिरेचं सांगितलं. गुंडेराव हसून हसून खोकायला लागले. "अहो, मशीनला काय ठाऊक तुमची चीर! त्याने शुक्रवारीच घड्याळ लावलं की!"

अण्णा हसला नाही. "चीर द्यायलाच पाहिजे होती," म्हणाला. "त्यात तिचं काय चुकलं?" पण चेहरा असा झाला होता की मला भजी गिळवेना. इतक्या जवळ आलेलं, माझ्याच हाताने घालवलं. वनजाला आता काय तोंड दाखवू?

"ते राहू द्या, पण तुतारीवाल्याचं काय झालं? मेला की जगला?" गुंडेराव हळहळत होते. "आज मला झोप लागायची नाही."

तेव्हा अण्णा बोलायला लागला. सुरुवातीला खाली बघून, मग हातवारे करत.

"जगतो. वीस वर्षांनी परत येतो. तोंडावर घाव, आवाज बसलेला, कुणी ओळखत नाही. आईची नजर गेलेली. ती म्हणते, माझा मुलगा गेला, तू कोण? तो कोट काढून तिच्या मांडीवर ठेवतो. ती सगळा कोट चाचपते. बाही, खिसा, गुंड्या. काही कळत नाही. मग कॉलर उलटते. कॉलरच्या आत तिरके टाके असतात, भाताच्या दाण्याएवढे, एकाला एक लागून. ते तिने घातलेले. पडद्यावर एवढा मोठा टाका दिसतो, माझ्या हाताएवढा. ती नुसती त्या टाक्यांवरून बोट फिरवते."

गुंडेराव गप्प. मी पहिल्यांदा त्यांना गप्प बघितलं.

"ते टाके," अण्णा म्हणाला, "तसे आता कुणी घालत नाही. मशीनवर निघतच नाहीत. ते मी..." आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन पुढे आपल्या खोलीत गेला.

त्याला शेवट कुणी सांगितला असेल? सहनाने फोनवर दाखवला असणार. पोरगी पोटात काही ठेवत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सहनाची बोलणी खाल्ली. "आज्जी, दाबलं म्हणजे दाबलं! दोन सेकंद काय, दोन तास काय!" अण्णाला शेवट का सांगितलास विचारलं तर म्हणे, "मी कुठे सांगितलं? मला काय माहीत? मी बघितलंच नाही." खोटं बोलताना डोळा मिचकावते ती, आज मिचकावला नाही. जाऊ दे.

दुपारी दुकान उघडं टाकून अण्णा मागे आला.

"परत लावता येतो काय तो?"

"परत भाड्याने घ्यावा लागेल. सहना करून देईल."

"मग कर म्हणावं. आणि हे बघ, सोयरा. आता चीर नको. दिली आहे एकदा, तीच चालेल."

जाता जाता उंबऱ्यात थांबला. "माझी आठ नंबरची कात्री पोरगी गेली त्याच दिवशी नाहीशी झाली. चोराने फक्त कात्री कशी नेली, याचा नऊ वर्षं विचार करतोय."

"मी दिली तिला," म्हटलं. "बसमध्ये पण मीच बसवलं."

"ठाऊक आहे," म्हणाला. "चांगली धार होती तिला." आणि गेला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज गुंडेराव नव्हते. मी, अण्णा आणि सहना. अण्णा म्हणाला, "पहिलं सगळं नको, पुढे ढकल." सहनाने कॉलरपर्यंत ढकललं. अण्णाने सांगितलं होतं तसंच सगळं, अगदी गुंडीला गुंडी. मी आणि सहना दोघी रडलो. तो रडला नाही. तो पुढची वाट बघत होता.

नावं सुरू झाली. दिवे आम्ही लावले नाहीत. अण्णाने दुकानातलं भिंग आणलं होतं, सुईत दोरा ओवायचं. कन्नडमध्ये नावं वर सरकत होती, स्वयंपाकी, घोडेवाले, गाडीवाले, शंभर माणसं. मग शिवणकाम असं आलं आणि खाली नऊ नावं.

"थांबव!"

सहनाने थांबवलं. अण्णा भिंग घेऊन पडद्याला चिकटला. मीही वाकले. होतं. सहावं. माझी वनजा, बारीक अक्षरात.

"बघितलंस अण्णा? आपली वनजा!"

त्याने बोट वरच्या नावावर ठेवलं, मग खालच्या. प्रत्येक नावावर एकेक करून ठेवलं. एस. रेहाना. टी. पुट्टस्वामी. एम. जयम्मा. आठ नावं झाली. मग सहाव्यावर परत आला.

"सगळ्यांना बाप आहे," म्हणाला. "हिलाच नाही काय?"

तेव्हा मला दिसलं. तिच्या नावापुढे अक्षर नव्हतं. नुसतं वनजा. अनाथ पोराचं असावं तसं.

सहना म्हणाली, "स्टाइल असेल अज्जा, हल्ली..."

"स्टाइल नव्हे. मीच म्हटलं होतं तिला." भिंग त्याने शर्टाला पुसलं, पुन्हा बघितलं, जणू काच मळल्यामुळे अक्षर दिसत नव्हतं. "नऊ वर्षं पाळलं पोरीने. मी बोललेलं मी सुद्धा एवढं पाळलं नसतं."

टीव्ही तसाच थांबलेला राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. मग त्यावर आपोआप डोंगर-नदीचं चित्र आलं. सहनाने परत बटण दाबलं, तर अण्णा म्हणाला, "राहू दे. बघून झालं."

संध्याकाळी वनजाला फोन केला. आज मोरीत गेले नाही, स्वयंपाकघरातून केला. अप्पांनी नाव बघितलं म्हणून सांगितलं. अण्णा दारात येऊन उभा होता. घे म्हणून मी फोन पुढे केला, त्याने हाताने नको केलं. पण मोठ्याने म्हणाला, मला म्हटल्यासारखं, "कॉलर बरी होती म्हणावं. टाके जरा आणखी जवळ हवे होते."

फोनमधून हसणं ऐकू आलं की रडणं, मला कळलं नाही. तिचं लहानपणापासून दोन्ही एकसारखंच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अण्णाबरोबर कुरियरच्या दुकानात गेले. त्याने एक पार्सल केलं होतं, अस्तराच्या कापडात गुंडाळून, चारी बाजूंनी स्वतः शिवलेलं. आत त्याच्या बोटातली पितळी टोपी, जी घालून तो ते तिरके टाके घालतो. मी म्हटलं, "मग तू काय घालशील?" म्हणाला, "माझं बोट आता निबर झालंय. तिचं अजून कोवळं असेल." छत्तीस वर्षांची आहे वनजा.

वाटेत ते थेटर लागलं. पिक्चर अजून चालू आहे. दारातल्या त्या माणसाने अण्णाला बघून हात जोडले आणि म्हणाला, "अज्जा, आज पण नावांसाठी काय?" अण्णा कानावर मफलर ओढून भरभर पुढे गेला. भलताच कुणीतरी समजला असेल. म्हातारे सगळे सारखेच दिसतात या पोरांना.

कुरियरच्या दुकानात पत्ता अण्णाने स्वतः लिहिला. त्याचं अक्षर शिलाईसारखं, सरळ आणि सावकाश. मागे रांग लागली होती तरी हलला नाही. आधी एक अक्षर काढलं, टिंब दिलं, टिंब गिरवून ठळक केलं. मग पुढे नाव लिहिलं. व्ही. वनजा.

काउंटरवरची बाई कॉम्प्युटरमध्ये भरत होती. तिने मान वर न करता कन्नडमध्ये विचारलं, "व्ही म्हणजे काय, अज्जा? पूर्ण नाव घालायला पाहिजे."

अण्णा म्हणाला, "व्ही म्हणजे मी."